बाबांनी घराला तेल पाजलं

कळंबोलीला एवढा मोठा लोखंडाचा बाजार असताना आम्ही घर लाकडाचं बांधायला काढलं, तेव्हा ज्याने त्याने आम्हाला वेड्यात काढलं. कॉन्ट्रॅक्टरने तर तोंडावर विचारलं, "मॅडम, साहेबांची तब्येत बरी आहे ना?" मी म्हटलं, "तब्येत उत्तम आहे. जपानला राहून आलेत, एवढंच." त्याने सगळं समजल्यासारखी मान हलवली आणि पुढे कधीही कुठल्याच गोष्टीचं कारण विचारलं नाही.

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही काही वर्षं जपानमध्ये काढली होती. तिथे भाड्याने मिळालेलं घर लाकडाचं, पण जुनंपुराणं नव्हे. नवं कोरं, सगळ्या सोयींचं. घराच्या बरोबर मधोमध उघडा चौक. त्यात बारीक खडी, एक झाड, एक मोठा दगड. चौकाभोवती लाकडी पडवी आणि पडवीला लागून सगळ्या खोल्या, सरकत्या दारांच्या. दारं सरकवली की मला स्वयंपाकघरातून समोरच्या खोलीत लॅपटॉपवर बसलेला नवरा दिसायचा. भांडण झालं तरी दोघांना एकमेकांची तोंडं दिसायचीच, तोंड लपवायला जागाच नव्हती. त्यामुळे आमची भांडणं तिथे पटकन मिटायची. मला ते घर फार आवडलं होतं, खोटं कशाला बोलू.

परत आल्यावर पनवेलजवळ कोनला आम्ही एक प्लॉट घेतला आणि नवऱ्याने तसंच घर बांधायचा ध्यास घेतला. माझ्या डोक्यात मात्र घराचं कारण वेगळं होतं. मला बाबांना आणायचं होतं.

माझे बाबा गव्हाणला एकटे राहायचे. आम्ही खाडीवरचे कोळी. आई गेली, खाडीत मासा राहिला नाही, आणि शेवटी त्यांनी होडीही विकून टाकली. त्यानंतर हा माणूस बोलायचाच थांबला. मी फोन केला की, "हाय, बरा हाय," एवढं म्हणून फोन ठेवायचे. मागच्या वर्षी बांधावर पाय घसरून पडले, लोकांनी उचलून घरी आणलं, आणि मला ते कळलं गावातल्या कुणाच्या तरी तोंडून. मी तशीच तडक गेले, भांड भांड भांडले. म्हटलं, "बाबा, आता बास झालं. चला माज्याबरोबर." तर म्हणाले, "लेकीच्या घरी बाप पावना. पावन्यानं चा प्यावा नि घरी जावा."

हे त्यांचं ठरलेलं उत्तर. चहा प्यायचे, पण आमच्याकडे जेवायचे नाहीत आणि मुक्काम तर कधीच करायचे नाहीत. आजकाल कोण पाळतं हे? पण आमच्या गावातली जुनी माणसं पाळतात. लेकीच्या घरी राहिलेल्या बापाला गावात नावं ठेवतात, हे डोक्यात पक्कं बसलेलं. मी किती वेळा विचारलं, रडून विचारलं, रागावून विचारलं. नवरा ह्यात कधी पडला नाही. म्हणायचा, "तुमचं बापलेकीचं आहे, मी मध्ये कशाला?" तरी मी आर्किटेक्टबाईंना सांगून चौकाच्या पूर्वेला एक खोली काढून घेतली. नकाशावर तिच्यात 'पाहुणे' असं लिहिलं होतं. मी बाईंना ते खोडून 'बाबा' लिहायला लावलं.

बांधकाम चालू असताना बाबा अधूनमधून यायचे. लाकडाचं काही चाललंय म्हटल्यावर त्यांना राहवायचं नाही. बाहेरच्या भिंतींना लावायच्या फळ्या नवऱ्याने जपानी पद्धतीने वरून जाळून काळ्या करून घेतल्या होत्या. तशा केल्या की म्हणे कीड लागत नाही. बाबांनी एका फळीवरून बोट फिरवलं, काळं झालेलं बोट बघितलं आणि माझ्या कानात विचारलं, "जललेली लाकडं सस्तात भेटली काय?" चौकाची कल्पना तर त्यांना अजिबात पटली नाही. "आमी जलमभर होडीतला पानी भाईर काढला नि तुमी मुद्दाम घरात घेताव." नवरा त्यांना उत्साहाने समजावून सांगायला गेला की ह्या भोवतालच्या लाकडी भागाला जपानीत 'एनगावा' म्हणतात, तिथे बसून नुसतं चौकाकडे बघायचं असतं. बाबांनी सगळं नीट ऐकून घेतलं. "म्हंजे पडवी," म्हणाले.

दोघांचं तसं जमायचं, पण लांबून. नवरा पुण्याच्या शाकाहारी घरातला. जपानमध्ये जाऊन मासे खायला शिकला आणि तेही कच्चे. हे जेव्हा बाबांना पहिल्यांदा कळलं तेव्हा त्यांना धक्काच बसला होता. आयुष्यभर मासे मारलेला माणूस, पण "शिजवायला काय झाला व्हता?" हा प्रश्न त्यांनी मला कितीतरी दिवस विचारला. जावयाला कसा विचारणार?

दिवाळीनंतर घर पुरं झालं. चौकात खडी पडली, दगड बसला, झाड म्हणून नवऱ्याच्या हट्टाचा जपानी मेपल लावला, तो काही इथल्या हवेत जगेना, तेव्हा मी मुकाट्याने सोनचाफा लावला. दारांना तिकडे कागद असतो, आम्ही पातळ सुती कापड लावलं. खांब आणि पडवी सागाची. लाकूड लाकडासारखंच दिसलं पाहिजे म्हणून नवऱ्याने त्याला कसलंसं महागडं, डोळ्यांना दिसणारही नाही असं पॉलिश दिलं होतं. राहायला जायच्या आदल्या आठवड्यात नवऱ्याच्या चुलतबहिणीच्या मुलीचं नाशिकला लग्न होतं. आम्ही किल्ली बाबांकडे दिली. "नुसतं येऊन बघून जा, झाडाला पाणी घाला," एवढंच सांगितलं होतं.

आम्ही परत आलो तेव्हा फाटकापाशीच नवरा थांबला. "काहीतरी मेलंय," म्हणाला. मी वास घेतला आणि धावत फाटक उघडलं, कारण हा वास मी जन्मापासून ओळखते. मुशीच्या काळजाचं तेल. मुशी म्हणजे लहान शार्क. तिच्या काळजाचं तेल काढून ठेवतात आणि होडी पाण्यात लोटायच्या आधी तिला आतून बाहेरून पाजतात, म्हणजे लाकूड पाणी पीत नाही. ज्याने तो वास घेतलेला नाही त्याला सांगून कळणार नाही, आणि ज्याने घेतलाय त्याला सांगायची गरज नाही.

आत गेलो. फाटकापासून चौकापर्यंत कोन गावची झाडून सगळी मांजरं. पडवीवर मांजरं, दगडावर मांजरं, एक गाभण मांजर तर खांब चाटत होती. आणि खांब न् खांब, पडवीची फळी न् फळी तेलाने काळीभोर चमकत होती. बाबांनी दाराच्या चौकटीला हळदकुंकू वाहून नारळही फोडला होता. स्वतः चिंधी हातात घेऊन उभे होते, अंगभर तेल, आणि चेहऱ्यावर असा आनंद की तो मी किती वर्षांत बघितला नव्हता.

"कोरा लाकूड ठेवला व्हता तुमी," म्हणाले. "एका पावसात कुजला असता. माजेकडं डबा व्हता राखून ठेवलेला. सगल्या घराला पाजला. आता बघायला नको."

माझा तोल गेला. मी जे तोंड सोडलं ते सोडलं. "बाबा, हे घर हाय का होडी? कुनी सांगितला तुमाला? इचारायचा तरी!" नवरा पिशव्या तिथेच टाकून निघाला. चौकातल्या दगडावर जाऊन बसला, ज्या दगडासाठी तो खोपोलीपर्यंत हिंडला होता, आणि एक मांजर येऊन त्याच्या मांडीवर चढली. बाबांच्या चेहऱ्यावरचा आनंद उतरला. चिंधीची नीट घडी घातली. "मी होडीला करतो तसा केला," एवढं म्हणाले आणि निघून गेले. चहाही घेतला नाही. तेलाचा डबा तिथेच राहिला.

मला रागही होता आणि रडूही येत होतं. बाबांना घरात आणायचं म्हणून एवढा खटाटोप केला, आणि घर तयार झाल्यावर मीच त्यांना बाहेर काढलं.

पुढचे दिवस विचारू नका. चौकाचा मोठेपणा असा की घरातल्या प्रत्येक खोलीला सारखी हवा मिळते. वासही सारखा मिळाला, कुठल्याही खोलीवर अन्याय झाला नाही. कुरिअरवाला फाटकाबाहेरूनच पार्सल भिरकावायला लागला. आर्किटेक्टबाई फोटो काढायला येणार होत्या, त्या आल्या, नाकाला रुमाल लावून चौकात उभ्या राहिल्या, आणि अचानक त्यांना हसू फुटलं. इतकं की पडवीवर बसायला लागलं. उठल्या तेव्हा ड्रेसला मागे तेलाचा हा एवढा डाग. म्हणाल्या, मशीन लावाल तर लाकूड जाईल. हातानेच, हळूहळू घासून काढावं लागेल.

मी बाबांना फोन लावत होते, ते उचलत नव्हते. उद्या गव्हाणला जायचंच असं ठरवलं, तर सकाळी तेच फाटकात उभे. एका पिशवीत राख आणि काथ्या, दुसऱ्या पिशवीत रिठे, आणि जेवणाचा डबा.

"घान मी केली, मीच काढनार," म्हणाले. माझ्याकडे बघितलंही नाही. रिठे भिजत घातले आणि पहिल्या खांबाला हात घातला.

मग ते रोजच यायला लागले. गव्हाणहून बस, पनवेलहून शेअर रिक्षा, आणि आमचा दूधवाला जायच्या आत बाबा हजर. मी चहा द्यायचे, तो घ्यायचे. सुरुवातीला खाली मान घालून घासायचे. मग मांजरांना शिव्या द्यायला लागले. मग मांजरांची त्यांनी नावं ठेवली, सगळी आमच्या गावातल्या म्हाताऱ्यांची, आणि त्या नावांनी ज्या शिव्या दिल्या त्या मला लिहिता येणार नाहीत. वरून विमान गेलं की काथ्या खाली ठेवून मान वर करून बघायचे आणि दिसेनासं झालं की पुन्हा कामाला लागायचे. मी आतून ऐकायचे. एक दिवस ते खांब घासता घासता गुणगुणत होते. मी गॅस बारीक केला आणि ऐकत उभी राहिले. आई गेल्यापासून बाबांच्या घशातून गाणं निघालेलं मी ऐकलं नव्हतं.

नवरा घरूनच काम करायचा. पहिल्यांदा तो दार बंद करून बसायचा. नंतर दार अर्धं उघडलं. मग एक दिवस मी बघते तर हा लॅपटॉप बंद करून हातात काथ्या घेऊन बाबांच्या शेजारी बसलेला. दुपारी बाबांनी डबा उघडला. तांदळाची भाकरी आणि सुकट. त्यांनी अर्धी भाकरी जावयाच्या हातावर ठेवली. माझ्या घरात, माझ्या पडवीवर, दोन पुरुष गव्हाणहून आलेल्या डब्यावर जेवतायत आणि माझा स्वयंपाक ओट्यावर थंड होतोय. मी म्हटलं, "वा! छान! मी काय खानावळ मांजरांसाठी काढलीय?" बाबा भाकरी चावत चावत जावयाला म्हणाले, "तिच्या आयशीचा तोंड पन असाच व्हता." आणि दोघं हसले. अहो, बाबा हसले! मी चिडलेलंच तोंड करून आत आले आणि आत आल्यावर मला धड रडता येईना की हसता येईना.

त्या दोघांच्या गप्पा काय विचारता. शेवटी बाबांनी तो प्रश्न जावयाला विचारलाच. "एक इचारू? कच्चा मासा खाताव तो दातात अरकत नाय?" नवऱ्याने त्यांना कच्च्या माशाची चव समजावून सांगायचा जीव तोडून प्रयत्न केला. बाबा म्हणाले, "बरा. पन मंग तिकडं गॅस कशाला घेतात लोका?" मग दुपारी जरा पडायचे, 'एनगावा'वर, हाताची उशी करून, चौकाकडे तोंड करून. जपानहून आल्यापासून नवरा ज्याला त्याला सांगायचा की इथे पडून नुसतं बघायचं असतं. एवढ्या लोकांत ते नीट जमलं फक्त बाबांना.

असं करत करत एकेक खांब स्वच्छ होत गेला. वास कमी झाला, मांजरं पांगली. बाकी सगळे खुश, आणि मी मात्र उरलेले खांब मोजायला लागले. काम संपलं की बाबा जाणार. मला हेही दिसत होतं की बाबा हळू झालेत. जो खांब झाला, त्याच्यावरच पुन्हा हात फिरवत बसायचे. मी जवळ जाऊन बसले. म्हटलं, "बाबा, ती खोली तुमचीच हाय. ऱ्हावा ना."

त्यांनी काथ्या पाण्यात बुडवून पिळला. "काम सपला का जायाचा," म्हणाले. "कामाला आलेला मानूस ऱ्हायला तर कोन बोलत नाय. उगाच ऱ्हायला का बोलतात."

मी तशीच उठले आणि सगळा राग नवऱ्यावर काढला. "तुम्हाला काय, वास गेला की झालं! उद्या बाबा जातील, परवा तुमचे फोटो निघतील." तो चष्मा पुसत राहिला. ह्याचं हे असंच. माझा पारा चढला की हा गप्प बसतो, त्याने माझा पारा आणखी चढतो.

दुसऱ्या दिवशी शेवटचा खांब राहिला होता. बाबांच्या खोलीपुढचाच. सकाळी मी उठले, दार सरकवलं आणि पुन्हा तोच वास, भपकन. धावत चौकात आले. नवरा त्या पूर्वेच्या बाजूला उभा होता. हातात चिंधी, कोपरापर्यंत तेल, केसांत तेल, चष्म्यावर तेल. बाबांच्या तेलाच्या डब्याच्या तळाला उरलं होतं ते सगळं ह्याने स्वच्छ झालेल्या खांबांना आणि पडवीला फासलं होतं. जो माणूस चहाचा कप लाकडावर ठेवला तर धावत येऊन खाली बशी सरकवतो, तो हा. मी तोंड उघडलं आणि तेवढ्यात फाटक वाजलं.

बाबा आत आले. वास घेतला. खांबाजवळ गेले, बोट लावलं, वर बघितलं, खाली बघितलं. तेलाचे ओघळ खांबावरून उतरून पडवीवर साचले होते. मग जावयाकडे बघितलं.

नवरा म्हणाला, "बाबा, माझ्याकडून बिघडलं. हे निस्तरायला तुम्ही पाहिजेत, आणि रोज गव्हाणहून येऊन-जाऊन हे व्हायचं नाही. मी सांगतो म्हणून राहा. लाकडाचं घर आहे, ह्याला कायम कुणीतरी लागतं, मला एकट्याला जमत नाही."

बाबा खांबाकडेच बघत होते. त्यांची मान जरा हलली. "जावयानं सांगितल्यावर नाय कसा म्हनायचा," म्हणाले. जावयाच्या हातातली चिंधी काढून घेतली. "पन मासली मी आननार. मी आनला तेच खानार. तू निसता शिजवून दे," हे मला.

माझ्या मनात आधी काय आलं सांगू? चीड आली. मी जन्माची लेक, इतकी वर्षं जीव काढून विचारतेय, आणि हा मध्येच येतो, "मी सांगतो म्हणून" म्हणतो आणि काम फत्ते! पण त्याचा तो तेलकट चष्मा बघितला आणि चीड कुठल्या कुठे गेली. मी त्याला म्हटलं, "अंघोळ करून या, मांजरं येतील."

बाबा त्या दिवशी राहिले. दुसऱ्या दिवशी गव्हाणला जाऊन कपड्यांची पिशवी घेऊन आले. गावात कुणी विचारलं तर सांगतात, "जावयाकडं कामाला हाय. लई काम हाय." सकाळी पनवेलच्या बाजारातून मासळी आणतात, घासाघीस करून, आणि मग काथ्या घेऊन आपल्या खोलीपुढच्या खांबापाशी बसतात. बाकीचे केव्हाच स्वच्छ झाले, हा एकच खांब, त्याला लागावे किती दिवस? पण त्याचा वास काही जात नाही. आर्किटेक्टबाईंनी फोटो काढले ते तेवढा कोपरा सोडून.

मी नवऱ्यालाच दोष देत होते. वाटायचं, ह्याने गुपचूप कुठून तरी आणखी तेल मिळवलंय. परवा नवरा कामासाठी बंगळुरूला होता. सकाळी मी चौकात गेले तर बाबा बाजारात गेलेले आणि त्या खांबाचं लाकूड ओलं, काळं चमकत होतं. मी बोट लावलं. तेल ताजं होतं, वरपासून खालपर्यंत सारखं चोळलेलं, आणि कुठेही एक ओघळ नव्हता. मी तिथेच खांबाला टेकून बसले आणि एकटीच हसत राहिले. साडीला तेल लागलं ते लागलंच.